पॉइंट, परमिट आणि मोठा महादेव

सपाट गावच्या माणसाला डोंगराचं कौतुक जरा जास्तच असतं. आमचं गोंदिया शहर ताटासारखं सपाट. एका बाजूला धानाची बांधी, दुसऱ्या बाजूला राइस मिल आणि मधून रेल्वे. गावात चढ म्हणावा असा एकच, तो रेल्वेवरचा उड्डाणपूल; आणि सायकलवाले तोही उतरूनच चढतात. जिल्ह्यात डोंगर नाहीत असं मी म्हणणार नाही, नाहीतर सालेकसा तालुक्यातले आमचे खातेदार रागावतील. तिकडे दरेकसा आहे, हाजरा फॉल आहे, कचारगडच्या गुहा आहेत. पण घराच्या खिडकीतून डोंगर दिसणं हे सुख काही आमच्या कुंडलीत नाही.

माणसं डोंगर दोन कारणांसाठी चढतात असं माझं मत आहे. एक हवेसाठी आणि दुसरं देवासाठी. साहेब हवेसाठी चढला, आमच्या आज्या-पणज्या देवासाठी. साहेबानं खाली उतरल्यावर पुस्तक लिहिलं. आज्यांना लिहिता येत नव्हतं. त्यामुळे इतिहासात डोंगर साहेबाच्या नावावर चढला. बँकेत तरी वेगळं काय चालतं? ज्याची सही, त्याचं खातं!

हे दोन्ही प्रकारचे लोक ज्या एका डोंगरावर पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या वाटेत आले, तो डोंगर म्हणजे पचमढी. हे नाव आम्हांला भूगोलाच्या पुस्तकानं शिकवलं. घरात त्या जागेचं नाव 'मोठा महादेव'. विदर्भातल्या खेड्यात कुणी 'पचमढीला जातो' म्हणत नसे. 'महादेवाले जाऊन राहिलो' असं म्हटलं की ऐकणारा समजायचा, आणि मुकाट्यानं नारळ आणून द्यायचा. ज्यांना तिथवर जाणं जमत नसे ते अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला शिवरात्रीच्या यात्रेला जाऊन यायचे. आईच्या भाषेत सांगायचं तर प्रतापगड ही शाखा आणि पचमढी हे हेड ऑफिस.

आईची आजी तिरोड्याकडच्या एका खेड्यातून हेड ऑफिसला पायी गेली होती. सोबत गावची मंडळी, शिध्याची एक बैलगाडी, खांद्यावर त्रिशूळ, आणि दर चढावर 'हर बोला महादेव'. जाऊन यायला महिना लागला, असं आई सांगते. आता आईची सत्तरी उलटली आहे आणि तिचे गुडघे स्वतंत्र विदर्भाच्या मागणीप्रमाणे अधूनमधून डोकं वर काढतात. तिनं फर्मान सोडलं, "बाबू, आजी पायी गेली, मी गाडीनं जाईन. पण मले मोठा महादेव दाखव." बँकेत प्रवास सवलत शिल्लक होतीच. आई, सौभाग्यवती, चिरंजीव आणि मी असा चौघांचा जथा शिवरात्रीच्या आठवडाभर आधी निघाला.

गोंदियाहून जबलपूर आणि तिथून पिपरिया असा आमचा रस्ता. गोंदिया-जबलपूर ही पूर्वीची 'छोटी लाईन', म्हणजे नॅरोगेज. बंगाल-नागपूर रेल्वेनं ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधली आणि पुढे शंभरावर वर्षं ती बैलगाडीला लाजवील अशा संथपणे चालली. आता तिची ब्रॉडगेज झाली आहे. आईला ते फारसं पसंत नाही. तिच्या मते छोट्या लाईनीत चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडता येत आणि पुन्हा त्याच डब्यात बसता येई. पिपरियाला उतरलं की पन्नासेक किलोमीटरवर पचमढी. मटकुलीनंतर घाट लागतो, कान बंद होतात आणि सौभाग्यवतींचा आवाजही थोडा वेळ ऐकू येत नाही. पठाराची उंची हजार मीटरच्या थोडी वर. गोंदिया आहे तीनशेच्या आसपास.

वर पोचल्यावर कळलं की पचमढी आपल्या पायांनी पाहायची नसते आणि आपल्या गाडीनंही नाही. ती पाहायची जिप्सीतून. जंगलातल्या बऱ्याच जागी खासगी गाडी नेता येत नाही. बायसन लॉज नावाच्या जुन्या बंगल्यापाशी जायचं, वन खात्याचा परवाना काढायचा आणि भाड्याची जिप्सी घ्यायची. मारुतीनं ही जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आणली आणि २०१९ साली सामान्य गिऱ्हाइकांना विकणं बंद केलं. तिची सख्खी भावंडं लष्करात होती, त्यामुळे आराम हा शब्द तिच्या घराण्यात नाही. मागे समोरासमोर दोन बाकडी. खड्डा आला की समोरचा माणूस आपल्या मांडीवर येतो, पुढच्या खड्ड्याला आपण त्याच्या. अनोळखी कुटुंबं अशा रीतीनं दुपारपर्यंत नातेवाईक होतात.

जिप्सीवाल्याकडे पॉइंटांची यादी असते. एवढे पॉइंट घेतले तर एवढं भाडं, धूपगडचा सूर्यास्त घेतला तर वेगळं. यादी पाहून मला शाखेतली मुदत ठेवीच्या दरांची पाटी आठवली. आमचा जिप्सीवाला पंचविशीतला, बोलका आणि भूतकाळाविषयी निःशंक होता. पहिल्याच वळणावर त्यानं जाहीर केलं, "साहब, पचमढी की खोज अठरा सौ सत्तावन में कॅप्टन फोर्सिथ ने की."

चिरंजीवांनी हे वहीत उतरवून घेतलं. मी मात्र कॉमर्सचा पदवीधर. आमच्या शास्त्रात जमेची नोंद दिसली की तिच्यासमोरची नावेची नोंद शोधायची असते. कुणाच्या तरी खात्यावर नावे पडल्याशिवाय कुणाच्या तरी खात्यात जमा होत नाही. फोर्सिथच्या खात्यात एवढी मोठी 'खोज' जमा झाली, तर ती नावे कुणाच्या पडली?

आधी तारखेचं पाहू. जेम्स फोर्सिथचा जन्म १८३८ चा. म्हणजे १८५७ साली तो जेमतेम एकोणीस वर्षांचा पोरगा. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर त्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १८७१ साली निघालं, आणि त्याच वर्षी तो वारलाही. त्या पुस्तकात पचमढीवरच्या मुक्कामाची हकिगत आहे ती १८६२ ची. बायसन लॉज बांधला तोही त्याच साली. १८५७ हे साल बहुधा लक्षात ठेवायला सोपं म्हणून चिकटलं असावं. आमच्याकडेही कर्जदार जन्मतारीख १ जुलैच सांगतात.

आता गंमत पाहा. या 'खोजे'च्या आधीची दोन-तीन वर्षं इंग्रजांच्या पलटणी याच डोंगरात घाम गाळीत फिरत होत्या. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले. त्यांना नागपूरकडे यायचं होतं. ते मुलताईपर्यंत आलेही. त्यांना डोंगरात साथ दिली ती इथल्या भभूतसिंग या जहागीरदारानं. तात्या पुढे निघून गेले, पण हा गडी आपले कोरकू आणि गोंड साथीदार घेऊन दऱ्याखोऱ्यांतून लढत राहिला. शेवटी तो पकडला गेला आणि १८६० साली इंग्रजांनी त्याला मृत्युदंड दिला. ज्या डोंगरातल्या वाटा माहीत नसल्यामुळे पलटणी हैराण झाल्या, तो डोंगर दोन वर्षांनी 'सापडला'! कर्जदाराच्या घरावर जप्ती आणायची आणि मग मॅनेजरनं सांगायचं, मला हे घर फिरता फिरता सापडलं, त्यातलाच प्रकार.

जप्ती हा शब्द मी विनोदासाठी वापरलेला नाही. पचमढीच्या पायथ्याशी बोरीचं जंगल आहे. भभूतसिंगाची जमीन जप्त केल्यावर ते सरकारकडे आलं, आणि १८६५ साली तिथं राखीव जंगल झालं. देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. फोर्सिथ स्वतः वन खात्यातला. साग वाचला पाहिजे अशी त्याची तळमळ होती आणि ती खोटी नव्हती. रेल्वेच्या ठेकेदारांनी त्या काळात झाडांची जी कत्तल मांडली होती तिला कुणीतरी आवर घालायलाच हवा होता. पण राखीव म्हणजे कुणापासून राखलेलं? डोंगरउतारावर झाडं-झुडपं जाळून राखेत कोदो-कुटकी पेरणाऱ्या गोंड-कोरकूंपासूनही. काल जे घरचं अंगण होतं तिथं आज शिरायला कागद लागू लागला.

म्हणून बायसन लॉजच्या खिडकीपुढे परवान्यासाठी उभं राहताना मला ती जागा फार योग्य वाटली. परमिट नावाच्या वस्तूचा या डोंगरातला पाळणा तिथंच हलला म्हणायचा. फरक एवढाच की आम्ही पैसे भरून आत जात होतो. आज हे सारं जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतं, १९९९ मध्ये त्याचं जीवावरण राखीव क्षेत्र झालं आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही ते गेलं. वाघाच्या दृष्टीनं पाहिलं तर हिशेब चोख आहे. वाघाला हे सांगायला जाण्याची मात्र माझी तयारी नाही.

साहेब एकदा वर चढला तो उतरेचना. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे काय हे मी वैदर्भी वाचकांना सांगायला नको. तेव्हा उन्हाळा लागला की सरकार पचमढीला जाई. १८७० साली पिपरियावरून जाणारा इटारसी-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला होता, त्यामुळे सरकारला चढायला फार कष्ट नव्हते. वर क्राइस्ट चर्च बांधलं १८७५ साली. रंगीत काचांची ती इमारत आजही जिप्सीवाला दाखवतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि भंडारा मध्य प्रांतात. म्हणजे मे महिन्यात आमच्या कुणा पणजोबांनी तलावाच्या पाण्यासाठी अर्ज केला असेल, तर तो आधी भंडाऱ्याला, मग नागपूरला आणि शेवटी सातपुडा चढून पचमढीला जायचा. पावसाळ्यात उत्तर यायचं, तोवर तलाव आपोआप भरलेला असायचा. प्रकरण निकाली!

मराठी राजकारणाचा एक तुकडाही इथं पडून आहे. १९३७ साली मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं सरकार आलं. डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले, त्यांना त्या काळी पंतप्रधान म्हणत. मंत्रिमंडळात नागपूर-वऱ्हाडची मराठी मंडळी आणि महाकोशलची हिंदी मंडळी यांची भांड्याला भांडी लागू लागली. मे १९३८ मध्ये सरदार पटेल आदी पुढारी पचमढीला जमले आणि तिथं समेट झाला. थंड हवेतला समेट खाली नागपुरात उतरताच वितळला. जुलैत खरे गेले आणि रविशंकर शुक्ल आले. सौभाग्यवतींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे डोंगरावरचं भांडण डोंगरावरच मिटवून खाली यावं." त्यानंतर दोन दिवस मी फार जपून वागलो.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. पचमढी मध्य प्रदेशात राहिली. भाऊबंदकीत विहीर एकाकडे आणि मोट दुसऱ्याकडे जावी, तसा देव तिकडे गेला आणि भक्त इकडे आले. भक्तांनी मात्र ही वाटणी मनावर घेतली नाही. शिवरात्रीला आणि नागपंचमीच्या नागद्वारी यात्रेला आजही तिथं सर्वांत जास्त ऐकू येते ती आमची वैदर्भी मराठी. नागद्वारीची वाट वर्षातून थोडेच दिवस उघडते, आणि त्या दिवसांत पावसात भिजत, डोंगरामागून डोंगर ओलांडत लाखो माणसं चालतात. त्यांना कुणी पॉइंट दाखवीत नाही.

पॉइंटांच्या नावांचीही एक कथाच आहे. फोर्सिथनं जिथून हे पठार पहिल्यांदा पाहिलं म्हणतात, तो फोर्सिथ पॉइंट आता प्रियदर्शिनी पॉइंट आहे. फेअरी पूलचं अप्सरा विहार झालं. परी गेली, अप्सरा आली, पाणी तेच. बी फॉलचा जमुना प्रपात झाला, तरी जिप्सीवाला बी फॉलच म्हणतो. आयरीन पूल हे नाव आमच्या नागपूरचे न्यायमूर्ती, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले, व्हिव्हियन बोस यांच्या पत्नीवरून पडलं. म्हणजे नाव देण्याचा हक्क आधी साहेबाचा, मग न्यायमूर्तींच्या घरचा, मग पुढाऱ्यांचा. ज्यांनी आधी ठेवलेली नावं या नावांखाली दबली ते लोक यादीत नाहीत. इथल्या कडेकपारीत त्यांच्याही आधीच्या माणसांची, हजारो वर्षांची चित्रं आहेत. शिकारी, धनुष्यं, गाई-बैल. १९३० च्या दशकात गॉर्डन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं त्यांची बारकाईनं नोंद केली. चित्र काढणाऱ्यानं खाली सही केलेली नाही. बँकेच्या दृष्टीनं हा फार गंभीर प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी देवांची पाळी. जटाशंकरच्या गुहेत जिप्सीवाल्यानं भस्मासुराची कथा सांगितली. शंकरानं त्याला वर दिला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म. आणि पठ्ठ्या शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. देव पळत पळत या गुहांतून लपत फिरले. ही कथा मी जन्मभर ऐकत आलो, पण तिचा अर्थ नोकरीला लागल्यावर कळला. तारण नाही, जामीनदार नाही, पूर्वीच्या व्यवहाराची चौकशी नाही, आणि एवढा मोठा वर मंजूर! मग वसुलीच्या वेळी देणाऱ्यालाच लपावं लागतं. गुप्त महादेवाची गुहा तर इतकी अरुंद की माणसानं आडवं होऊन, पोट आत ओढून सरकत जायचं. आत मोजकीच माणसं मावतात. देवानं लपायला जागा विचार करून निवडली होती. कोणताही मोठा थकबाकीदार तिथं पोचू शकला नसता.

बड्या महादेवाच्या गुहेशी मात्र आईची चाल बदलली. आत वरून पाणी ठिबकत होतं. जिप्सीत तिनं पॉइंट नऊ पाहिले होते आणि नऊही वेळा "बेस आहे" एवढंच म्हटलं होतं. इथं ती काही बोलली नाही. हात जोडून बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर समोर चौरागडाचं शिखर दिसत होतं आणि त्याच्या पायऱ्यांवर माणसांची रांग. तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत म्हणे. काहींच्या खांद्यावर वाघनखाएवढा त्रिशूळ, काहींच्या खांद्यावर दोघांनी मिळून पेलायचा. नवस फेडायला तो वर नेऊन देवापाशी ठेवायचा. वर अशा त्रिशुळांचा ढीग लागलेला असतो.

आईनं एका म्हाताऱ्या यात्रेकरूला थांबवलं. धोतर, डोक्याला पंचा, पायांत साध्या चपला, खांद्यावर त्रिशूळ. गाव विचारलं, भंडाऱ्याकडचे निघाले. मग तिनं मनातली शंका काढली, "काहो बाबाजी, मी त गाडीनं आली जी. गाडीनं आलं त पुन्य लागते का?"

बाबाजींनी त्रिशूळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "माय, तू आली ना? मग झालं. महादेव का किलोमीटर मोजून राहिला?"

फोर्सिथच्या पुस्तकातही ही यात्रा आहे. महादेवाच्या यात्रेला येणारी गर्दी आणि तिच्यात पसरणारी महामारी यांचं वर्णन त्यानं केलं आहे. म्हणजे ज्यानं डोंगर 'शोधला' म्हणतात त्याच्या पुस्तकातच त्याच्याआधी आलेल्यांची साक्ष आहे. त्याच्या लेखी ती गर्दी होती. तिरोड्याकडची एक बाई महिनाभर चालून, शिदोरी बांधून त्या गर्दीत पुढे कधीतरी सामील झाली, हे कोणत्याच गॅझेटियरात नाही. ते आईपाशी आहे, आणि चौरागडाखालच्या दगडावर बसून तिनं ते चिरंजीवांना पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. बैलांची नावंसुद्धा तिला ठाऊक होती. चिरंजीवांनी ते वहीत उतरवलं. मग एक लहानसा त्रिशूळ विकत घेऊन आजीच्या वतीनं पायऱ्या चढायला गेले. जिप्सीवाल्यानं वेटिंगचे पैसे लावले नाहीत.

आता हिशेबाचं. बँकेत ज्या रकमेचा धनी ताबडतोब सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. पण तिथं ती कायमची ठेवता येत नाही. ऑडिटर दरवर्षी विचारतो, ही कुणाची? पचमढीच्या सस्पेन्स खात्यात फार मोठी शिल्लक पडून आहे. चित्रं काढणारे, वाटा पाडणारे, कोदो पेरणारे, त्रिशूळ वाहणारे. त्यातली एक नोंद अलीकडे वळती झाली. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळानं भभूतसिंगाच्या स्मरणार्थ मुद्दाम पचमढीला बैठक घेतली. सरकार पुन्हा एकदा डोंगर चढलं, पण या वेळी हवा खायला नव्हे. मृत्युदंडापासून मोजलं तर १६५ वर्षं लागली. सरकारी प्रकरण म्हणून हे काही फार उशिराचं नाही.

प्रवास सवलतीच्या बिलात 'भेट दिलेले ठिकाण' असा एक रकाना असतो. तो भरत असताना आई शेजारी बसली होती. मी लिहिलं 'पचमढी'. तिनं विचारलं, काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे गावाचं नाव झालं रे. ठिकाणाचं लिही." रकाना लहान होता, पण कंसात 'मोठा महादेव' मावलं. हिशेब विभागानं बिल विनाशेरा मंजूर केलं.